हूं म्हणायला कोणीतरी

मंगरूळपीरमध्ये खोली बघायला आलेला माणूस आधी पाण्याचं विचारतो. नळ किती दिवसांआड येतो, बोअर आहे का, उन्हाळ्यात टिकते का. सर आमची वरची खोली बघायला आले तेव्हा त्यांनी पाण्याचं काहीच विचारलं नाही. गॅलरीत जाऊन उभे राहिले, दर्ग्याच्या दिशेला थोडा वेळ बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "ह्या घराची वास्तुशांती झाली त्या दिवशी हवा कशी होती?"

मी तहसील कचेरीत नोकरीला आहे. आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी मोजपात्रात ओतून मिलिमीटर वाचणं हे माझ्या कामांपैकी एक. त्यामुळे पाऊसपाण्याबद्दल मी मोजल्याशिवाय बोलत नाही. वास्तुशांतीच्या दिवशी पाऊस नव्हता, पण आभाळ होतं आणि मांडव सारखा फडफडत होता, एवढं मला पक्कं आठवत होतं. तेवढंच सांगितलं. सर एकदम खूश झाले. लोक या प्रश्नाला हसतात म्हणाले, तुम्ही विचार करून उत्तर दिलंत. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन आले.

सामान म्हणजे दोन पेट्या पुस्तकं, एक लोकरीचं घोंगडं, आणि एका बाईचा फोटो. फोटोतली बाई गोरी, म्हातारी, डोक्याला रुमाल बांधलेली. ती त्यांची बायको. ती गेल्यावर सर इकडे परत आले होते.

ते मूळचे शेलूबाजारजवळच्या एका खेड्यातले. शिकत शिकत नागपूरला गेले, तिथून युरोपच्या उत्तरेकडच्या एका बंदराच्या शहरात, आणि तिथल्या विद्यापीठात त्यांनी सगळी नोकरी केली. साहित्य शिकवायचे. युद्ध पाहिलेली माणसं ते युद्ध नंतर कसं सांगतात, कसं लिहितात, आणि एका देशाचं दुःख दुसऱ्या देशाच्या भाषेत नेलं की त्याचं काय होतं, हा त्यांचा विषय. हे मला त्यांनी दोनतीनदा समजावून सांगितलं. मी एकदा विचारलं की यात परीक्षेला काय विचारत होता. ते म्हणाले, "हवा."

ते खरंच होतं. तिकडे युद्धातनं वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांना ते वर्गात बोलावत. पोरांनी पहिला प्रश्न हाच विचारायचा, त्या दिवशी हवा कशी होती. सरांचं म्हणणं असं, की ज्यानं स्वतः पाहिलं आहे त्याला या प्रश्नाचा विचार करावा लागत नाही. अंगावरनं आठवतं. ज्यानं ऐकलेलं असतं तो तारखेपासून सुरुवात करतो. ही सवय ते इकडेही सोडू शकले नाहीत. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला विचारत, मयतीवरून आलेल्या माणसाला विचारत. आमच्या गल्लीतल्या एकाची म्हैस हरवली, तेव्हा पोलिसांआधी सरांनी त्याला विचारलं. तो चिडला. पण मग सांगता सांगता त्याला आठवलं की दुपारी वावटळ आली होती आणि म्हैस त्या बाजूला पळाली होती. म्हैस सापडली. तेव्हापासून गल्ली सरांना थोडी मानू लागली.

आम्हाला वाटलं होतं, इतकी वर्षं बाहेर राहिलेला माणूस इंग्रजी फाडेल. झालं उलटंच. सर आमच्यापेक्षा जुनी वऱ्हाडी बोलत. विस्तवाला इस्तो म्हणत. माझी मुलगी कॉलेजला वाशीमला जाते, ती त्यांचं बोलणं ऐकून हसायची. म्हणायची, पणजी परत आली. मी घरात वऱ्हाडीच बोलतो, पण माझ्या वऱ्हाडीत टीव्ही आणि कचेरी मिसळली आहे. सरांची भाषा तशीच राहिली, कारण तिकडे ती बोलायला कोणी नव्हतंच. वापरली नाही म्हणून झिजली नाही.

त्यांची दुसरी सवय जास्त त्रासाची होती. ते काही सांगत असले की ऐकणाऱ्यानं हूं म्हणावं लागे. कहाणी सांगताना म्हणतात तसं. हूं नाही म्हटलं की ते थांबत. रागावत नसत, नुसते थांबत. समोर चहा निवत असे, आणि वाक्य अर्धंच. माझा स्वभाव पूर्ण ऐकून मग बोलायचा. त्यामुळे पहिले काही महिने आमचं एकही बोलणं शेवटापर्यंत गेलं नाही. शेवटी माझ्या बायकोनंच मला सांगितलं, "हूं म्हना ना जी. पैसे लागतात का?"

एका दुपारी गॅलरीत बसलो असताना मी त्यांना याचं कारण विचारलं. ते म्हणाले, तिकडे वर्गात पोरं मान खाली घालून टिपणं काढत, चांगली पोरं होती, पण तोंडातून आवाज नाही. "मले वाटे, मी भिंतीशी बोलून राह्यलो." घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हसली, आणि त्या दिवसापासून सर काही बोलू लागले की ती हूं म्हणू लागली. पोळ्या खाताना, भांडताना, फोनवरसुद्धा.

"तिले वऱ्हाडीतला तेवढाच एक शब्द येत होता," सर म्हणाले.

मी फोटोतल्या त्या बाईचा विचार करू लागलो. मग लक्षात आलं आणि हूं म्हणालो.

ही बायको लहानपणी त्याच शहरात युद्धात सापडलेली. सर आयुष्यभर दुसऱ्यांच्या आठवणींवर लिहीत राहिले, पुस्तकं झाली, पण बायकोच्या आठवणीवर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. तिनं बजावलं होतं. इथं घराघरांत अशी एक गोष्ट आहे, ती म्हणायची, माझी ऐकली की लोक मनात आपलीशी मापून बघतात, कोणाची मोठी. सांगायची असेल तर तुझ्या गावी सांग, तुझ्या भाषेत सांग. तिथे ती युद्धाची राहणार नाही, एका पोरीची आणि तिच्या आईची राहील.

म्हणून सर परत आले होते. हे त्यांनी मला सांगितलं, पण ती गोष्ट मात्र मला सांगितली नाही. ती त्यांनी तुकडे करून गावात वाटली. मी विचारलं, मला का नाही. तर म्हणाले, "तुमी दुरुस्त करान."

मला थोडं लागलं. पण ते खोटं बोलले नव्हते.

पहिला तुकडा मिळाला किराणा दुकानाच्या सेठजींना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. जैन कुटुंब, तीन पिढ्यांचा धंदा. सेठजी अजूनही डाळ-साखर कागदाच्या पुडीत बांधतात, वरून येणारा दोरा पुडीला गुंडाळून बोटाला झटका देतात आणि तो तटकन तुटतो. सर तिथे पोत्यावर बसून ते बघत राहायचे. सेठजींना त्यांनी तळघर दिलं. वर बॉम्ब पडत आहेत, एका बेकरीच्या तळघरात सगळी इमारत राहायला आली आहे. त्यात एक संगीताचे मास्तर. त्यांचा पियानो वर जळून गेला. मग ते काय करत, तर खडूनं फळीवर पियानोच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या काढत आणि त्यावर बोटं चालवत. आवाज काहीच नाही. पोरांनी बोटं बघून गाणं ओळखायचं आणि गुणगुणायचं. सेठजी हे गिऱ्हाइकांना सांगू लागले. त्यांच्या सांगण्यात त्या पियानोची आपली भजनाची हार्मोनियम झाली. सर समोर बसलेले असत आणि काही दुरुस्त करत नसत. सांगून झालं की फक्त मान हलवत.

दुसरा तुकडा चाचांना. बसस्टँडच्या मागे गाद्या-रजया भरून देतात ते. आता मशीन आली आहे, पण चाचा स्वतः अंगावर कापूस घेऊन बसलेले असतात, भुवयांवरही. मी रजई भरायला टाकली होती ती आणायला गेलो, तर त्यांनी मलाच ऐकवलं.

"बर्फ कसा पडे, तर ह्याच्यावानी," त्यांनी मूठभर पिंजलेला कापूस वर सोडला. "आवाज नाही, काही नाही. आन् त्या तळघरात पानी खतम. मंग पोरीची माय वर जाये, भांडंभर बर्फ आने, इस्त्यावर इतळवे, त्याचं पानी करे. पन पोरगी लय रडे. मंग मायनं काय केलं? सुटरची बाही उसवली, लोकर काढली. एक टोक पोरीच्या मनगटाले बांधलं, एक आपल्या. वर गेली की धागा हालवे. म्हंजे मी हाव. पोरगी खालून हालवे. म्हंजे मी बी हाव."

मी हूं म्हणालो. मनाशी नोंद केली की सेठजींच्या गोष्टीत पोरगी सात वर्षांची होती, चाचांच्या गोष्टीत नऊ.

हे मला सुचतं, याला इलाज नाही. दोन आकडे जुळले नाहीत की मला रात्री जेवण जात नाही. सेठजींच्या तळघरात वीस माणसं होती, चाचांच्या चाळीस. एकाच्या गोष्टीत मास्तर आंधळे होते, दुसऱ्याच्या नव्हते. मी सरांना एकदोनदा सुचवलं की लोक बदल करत आहेत, तुम्ही एकदा पक्कं सांगून टाका. ते म्हणाले, करू दे. गोष्ट चालली की तिच्या पायाला माती लागते. मी तिकडे हेच शिकवलं.

पण शेवटचा भाग आला तेव्हा मला राहवलं नाही.

शेवट सरांनी दोघांनाही दिला होता, तो असा. एके दिवशी आई वर गेली, धागा हलला, पोरीनं खालून हलवला. मग वर मोठा आवाज झाला, आणि धागा हलायचा थांबला. पोरीनं ओढला, तर सगळी लोकर तिच्या हातात आली. आई परत आली नाही. इथपर्यंत दोघांचं एक होतं. सेठजी पुढे म्हणत, धागा तुटला. पुडीचा दोरा तोडत तोडतच सांगत. "तुटला, खतम." चाचा म्हणत, तुटला नाही, मायनं गाठ सोडली.

हा सात आणि नऊचा फरक नव्हता. धागा तुटला असेल तर आईचं काहीच चाललं नाही, नशिबात होतं ते झालं. गाठ सोडली असेल तर आईनं समोरचं पाहिलं, पोरगी धाग्याच्या मागं मागं वर येईल हे ओळखलं, आणि तिला मोकळं केलं. दोन वेगळ्या आया होतात. मी सरांना चहाच्या वेळी गाठलं आणि स्पष्ट विचारलं, यातलं खरं कोणतं?

त्यांचा कप तोंडाशी थांबला. "दोघांलेबी मीच सांगतलं?"

"हो, सर."

ते आपल्या मनगटाकडे बघू लागले. मला वाटलं, मी हूं म्हणायची वाट बघत आहेत, म्हणून मी म्हणालो. ते म्हणाले, "मले आठवून नाही राह्यलं."

मग मला एकेक गोष्ट उलगडली. त्या महिन्यात त्यांनी मला वास्तुशांतीची हवा पुन्हा विचारली होती. जिन्यात उभे राहून वर जायचं की खाली असा विचार करताना दिसले होते. तुकडे वाटायची घाई त्यासाठी होती. त्यांना ते आधीच कळलं होतं. आपलं घर गळू लागलं की माणूस धान्य शेजाऱ्यांकडे ठेवतो, तसं ते करत होते, आणि मी वजनं जुळत नाहीत म्हणून तक्रार करत होतो.

नंतर ते स्वतः दुकानात जाऊन आले, बसस्टँडमागे जाऊन आले. सेठजींना खात्री होती, चाचांनाही. सर परत आले ते वर जाऊन निजले. जेवायला उतरले नाहीत. माझी बायको ताट घेऊन वर गेली तर फोटोकडे तोंड करून बसले होते, आणि तिला म्हणाले की एवढं एकच मला नीट ठेवायचं होतं.

मी त्यांना एसटीनं वाशीमला दाखवायला नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सरांना विचारलं, आज वार कोणता, महिना कोणता. सरांनी दोन्ही चुकवले आणि उलट विचारलं, "तुमी सकाळी घरून निंघाले तवा हवा कशी होती?" डॉक्टरांना सांगता आलं नाही. सर माझ्याकडे बघून हसले. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आठवण हळूहळू जाईल, पण जाईल. आधी जवळचं, मग लांबचं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसून बायकोला हे सगळं सांगत होतो. तुटला का सोडला, याचा आता निकाल लागणार नाही, असं म्हणालो. ती भाकरी थापत होती. ती थांबलीच नाही.

"सोडला," ती म्हणाली.

"तुले काय माहीत?"

"मीच तं ओढला."

मग तिनं सांगितलं. मागच्या महालक्ष्म्यांच्या वेळी, मी त्या दिवशी ड्यूटीवर होतो, घरात शेजारणी जमल्या होत्या. बायका हातात तांदळाचे दाणे घेऊन कहाणी ऐकतात तशा बसल्या होत्या. सर जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होते. कहाणी संपल्यावर त्यांनी विचारलं, मी एक सांगू का. आणि त्यांनी ती पूर्ण सांगितली, एकदाच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बायका हातातले दाणे तसेच धरून हूं म्हणत होत्या. धाग्याची जागा आली तेव्हा ते थांबले आणि माझ्या बायकोकडे लोकर मागितली. मुलीच्या स्वेटरची पोपटी लोकर होती. एक टोक त्यांनी बायकोच्या मनगटाला बांधलं, एक स्वतःच्या, आणि ते जिना चढून दिसेनासे झाले. धागा हलला. हिनं हलवला. मग हलायचा थांबला, तशी हिनं ओढून घेतला.

"टोक तुटलेलं नव्हतं," बायको म्हणाली. "जिथं गाठ होती तिथं लोकर वाकडी झाली होती. कुरळी. हात लावून पाह्यली मी. सगळ्या बायांनी पाह्यली."

सर वरून खाली आले आणि म्हणाले होते, ती पोरगी आयुष्यभर सांगायची, आईनं सोडलं म्हणून मी आहे.

मी बायकोला म्हणालो, हे मला आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "सांगतलं होतं ना. सरांनी चांगली कहाणी सांगतली म्हनून. तुमी त्या दिवशी किती पाऊस झाला ते सांगत होते."

ती तशीच पिठाच्या हातानं वर गेली आणि सरांना सांगून आली. जिन्यातून मला त्यांचा आवाज ऐकू आला, तो रडण्याचा होता की हसण्याचा ते मला ठरवता आलं नाही. त्या दिवशी ते खाली येऊन पोटभर जेवले. चार दिवसांनी त्यांनी मला विचारलं, धागा तुटला होता का?

तेव्हापासून त्यांना ती गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. कचेरीतून आलो की मी वर जातो. सेठजींचा तुकडा, चाचांचा तुकडा, माझ्या बायकोनं ऐकलेला शेवट, असं सगळं मला पाठ आहे. सर आता फोटोतल्या बाईला ओळखतात असं मी खात्रीनं म्हणणार नाही. तिच्याकडे बघतात, एवढं खरं. पुस्तकांच्या पेट्या उघडल्या जात नाहीत. तिकडची भाषा कधीतरी झोपेत येते, आम्हाला कळत नाही. वऱ्हाडी अजून शाबूत आहे.

परवा गॅलरीत ऊन होतं. त्यांनी ते लोकरीचं घोंगडं पांघरलं होतं, खाली सेठजींच्या दुकानासमोर एक मिनीडोअर टेम्पो उभा होता, आणि लांब कुठेतरी कोणाच्या वावरात तुरी झोडत होते त्याचा आवाज येत होता. सर म्हणाले, "सांगा काही."

मी सुरू केलं. समुद्राकाठी एक शहर होतं.

"हूं."

तिथं एक बेकरी होती, तिच्या तळघरात एक पोरगी आणि तिची आई राहत होत्या.

"हूं."

मी आता आकडे सांगत नाही. वीस की चाळीस, सात की नऊ. मास्तरांची फळी आली, बोटं चालली, पोरं गुणगुणली. सर गुणगुणले नाहीत, पण त्यांची बोटं घोंगड्यावर हलत होती. बर्फ आला. लोकर आली. धागा हलला, पोरीनं हलवला. मग तो थांबला.

"मंग?"

"पोरीनं ओढला, सर. सगळी लोकर हातात आली. टोक तुटलेलं नव्हतं. मायनं गाठ सोडली होती."

हूं आलं नाही. मी थांबलो. आता आमच्यात थांबणारा मी झालो आहे. सरांनी उजव्या हातानं डावं मनगट धरलं होतं आणि अंगठ्यानं ते चोळत होते, एकाच जागी.

"थंडी होती?" त्यांनी विचारलं.

मी न मोजलेल्या हवेबद्दल बोलत नाही. पण म्हणालो, "लय थंडी होती, सर."

"मंग बोटं आखडली असतीन तिची," सर म्हणाले. "गाठ सोडाले वेळ लागला असन."

हे कोणाच्याच तुकड्यात नव्हतं. सेठजींच्या नाही, चाचांच्या नाही, बायकोनं ऐकलेल्या पूर्ण कहाणीतही नाही. मी काही दुरुस्त केलं नाही. तुरी झोडण्याचा आवाज थोडा वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला. सर माझ्याकडे बघत होते, अर्धं वाक्य हातात धरल्यासारखे, पुढे बोलायला तयार, आणि मला उशिरा कळलं की ते कशाची वाट बघत आहेत.

"हूं," मी म्हणालो.